फायनलआधीचा सत्कार

आमच्या फुटबॉल क्लबच्या अध्यक्षांनी मला फसवलं, तेही सत्कार करून. काल कपाटातल्या शालीला डांबरगोळ्यांचा वास आला आणि खामगावचं मैदान आठवलं. फायनल सुरू होणार होती, कापसाच्या जिनिंग मिलकडून सरकीचा वास येत होता, मी गोलकीपरचे हातमोजे चढवत होतो. तेवढ्यात अध्यक्षांनी माइकवरून "हे आता थकले" म्हणत मला मॅनेजर जाहीर केलं आणि शाल-नारळ दिला. मी कापसाचा व्यापारी, सौद्यात कुणाचं ऐकत नाही. पण हातात नारळ आणि समोर टाळ्या असताना नाही कसं म्हणणार? "मंग गोलात कोन, साहेब?" मी कानाशी विचारलं. "आमचा भाचा हाय ना. तुमी आता मॅनेजर झाले बाप्पा, मातीत कायले लोळता?" भाच्याच्या दोन पायांमधून चेंडू गेला आणि आम्ही हरलो. पुढे मॅनेजर म्हणून मी कप जिंकले, पण गोलात पुन्हा कधी उभा राहिलो नाही. मी थकलो हे कुणी ठरवलं, ते अध्यक्षांनी आज चारचौघांत सांगावं.