धुक्यातून आलेला जबाब

२०२१ साल. मी तवा एकाहत्तर वर्षांचा. शाळा चौथीपस्तोर. पण भूतखेत, करणी, देवऋषी... असल्या गोष्टींना जन्मात भीक घातली नाय. आजबी घालत नाय. जे झालं तेवढं सांगतो, हसायचं त्यानं खुशाल हसावं.

गंगापूर तालुक्यात नाथसागर धरणाच्या फुगवट्याला आमची मासे धरणाऱ्या भोयांची वस्ती. पक्ष्यांचं अभयारण्य हे. हिवाळ्यात रोहित पाखरं उतरली की उथळ पाणी गुलाबी होतं. इतकं देखणं, की मासेमारीवाला माणूसबी वल्हं थांबवून बघत बसतो. आन् सकाळी धुकं लई. होडी वाट चुकू नये म्हणून काठावरचा माणूस पितळी थाळी वाजवतो. होडीतला वल्हं ठोकून जबाब देतो. माझा लेक संतोष तीनदा ठोकायचा.

दिवाळीनंतर तो जाळं काढायला गेला. होडी पालथी सापडली. तो नाय.

भाऊबंद म्हणले, "बापू, आता दहावा उरका. डोई भादरून घ्या."

"आधी पोरगं दाखवा," म्हणलो. आन् रोज सकाळी थाळी घेऊन काठावर बसायला लागलो.

अभयारण्याचा वनरक्षक रफिक, पोरगा भला. "चाचा, हळू वाजवा ना. पाखरं उडतेत."

"तुझी पाखरं उडून परत येतेत. माझं पोर?"

टोपी सारखी करून पुढं जायचा बिचारा.

पौषातली एक सकाळ. थाळी वाजवली, तर एकबी पाखरू उडालं नाय. आन् पाण्यातून ठोके आले... तीन. जरा थांबून परत तीन, आता जवळ. मी वाजवत राह्यलो. धुकं जरासं फाटलं. समोर रोहितांचा थवा उभा. होडी नाय, माणूस नाय. पाखरं मात्र बाजूला सरकत होती – मधून कुणी चालत यावं अन् त्याला वाट द्यावी तशी. पार माझ्या पायापस्तोर. पाण्याची एक लाट घोट्याला लागली, आन् सगळं गप.

मागं रफिक उभा, टोपी हातात. "चाचा... कौन आया?"

"घरचंच हाय," म्हणलो.

शहरातला एक शिकलेला पाव्हणा म्हणतो, धुक्यात आवाज लांबून येतो. येत आसंल. पण त्या दिवशी पाण्यावर दुसरी होडी नव्हती. आन् पाखरांचं काय? 

दुसऱ्या दिवशी सकाळी तसंच धुकं होतं. मी काठावर गेलो नाय. न्हाव्याच्या दारात जाऊन बसलो, पटका काढून मांडीवर ठेवला, आन् डोई त्याच्यापुढं केली.