शेवटचं बटण

प्रशिक्षणाला येणाऱ्या मुली बाईंना पाठीमागे 'थांबाबाई' म्हणत. विशेष मुलांच्या शिक्षिका घडवताना बाई तीस वर्षं हा एकच शब्द घोकत आल्या होत्या. मूल कुठे अडलं, की शिकाऊ शिक्षिकेचा हात पुढे जाई आणि मागून आवाज येई, "थांबा." नावाचं त्यांना वाईट वाटत नसे. स्वतः शिकाऊ असताना, पहिल्या नंबराच्या हव्यासापायी, त्यांनी परीक्षेच्या पाठात एका मुलाचं बटण गुपचूप लावून दिलं होतं. नंबर आला. तो मुलगा आज चाळिशीचा आहे आणि त्याची म्हातारी आई अजून रोज त्याची बटणं लावते.

आज वर्गातल्या सगळ्यात अबोल मुलीचा, सगळ्यांच्या 'अबोली'चा, अंतिम पाठ होता. दोनदा नापास झालेली. ही शेवटची संधी. नऊ वर्षांच्या छोटीकडून स्वेटरची चार बटणं लावून घ्यायची, वीस मिनिटांत. बाहेरून आलेले परीक्षक घड्याळ समोर ठेवून बसले होते.

तीन लागली. चौथं काजापाशी येऊन निसटायचं. अबोलीचा हात उचलला गेला. परीक्षेत बाईंना बोलायची बंदी होती, आणि खरं सांगायचं तर आज त्यांना बोलायचंही नव्हतं. लाव एकदाचं, सुटशील, असं मनात आलं आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली.

अबोलीने हात मागे घेतला आणि मांडीखाली दाबून धरला. वेळ संपला.

"पाठ अपुरा," परीक्षकांनी लिहिलं.

पुढचा पाठ वर्गातल्या हुशार मुलीचा होता. ती दारातून म्हणाली, "सर, माझी पाच मिनिटं तिला द्या."

"तुमचे गुण जातील."

"जाऊ देत."

ती पाच मिनिटंही गेली. बटण काही लागलं नाही. परीक्षकांनी पेन मिटलं.

छोटीची आई न्यायला आली. आल्या आल्या सवयीने वाकली आणि तिने बटणाला हात घातला. छोटीने तो हात ढकलला, पाठ फिरवली आणि मान खाली घालून पुन्हा खटपट सुरू केली.

"अगं, उशीर होतोय," आई म्हणाली.

"थांबा, ताई," अबोली हळूच म्हणाली.

सगळेच थांबले. बटण लागलं, जरासं तिरकं. परीक्षकांनी पेन पुन्हा उघडून 'अपुरा' खोडलं. बाईंना मात्र चाळिशीतल्या मुलाची ती दुसरी, म्हातारी आई आठवत होती. या माउलीचे हात म्हातारपणी मोकळे असतील, एवढंच त्यांच्या मनात आलं, आणि त्यांना रडू आवरेना.