'फिट'चा शिक्का

लायसन्स रिन्यू करायला डॉक्टरी दाखला लागतो, म्हणून माझ्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या वडिलांना, अण्णांना, घेऊन गेलो. दृष्टी तपासायच्या तक्त्यावर डॉक्टरांचा रेनकोट लटकत होता.

"दिसतं ना, आजोबा?" त्यांनी मान वर न करताच विचारलं.

"लख्ख!" म्हणत अण्णांनी डॉक्टरांच्या सहीच्या जागी स्वतःची सही ठोकली, आणि डॉक्टरांनी तिच्यावरच 'फिट'चा शिक्का हाणला.

अण्णांच्या मोतीबिंदूची मला कीव येते. डॉक्टरांच्या त्या धडधाकट डोळ्यांची किळस. असल्या शिक्क्याच्या भरवशावर लोक पोरांची बोटं धरून रस्ता ओलांडतात.

बाहेर येऊन अण्णा ऐटीत भलत्याच गाडीला किल्ली लावू लागले. मी त्यांना हाताला धरून आमच्या गाडीपाशी नेलं आणि चालवायला बसवलं.