हावोदमधली हिरवी चौकट

वेल्समध्ये डोंगरावरच्या उन्हाळी घराला ‘हावोद’ म्हणत. उन्हाळ्यात माणसे गुरेमेंढरे घेऊन वर जात आणि थंडी पडण्यापूर्वी खालच्या कायमच्या घरी परतत. आता तिथे गुडघाभर उंचीच्या दगडी भिंती तेवढ्या उरल्या आहेत. हे मी २००४ साली टेक्सासात शिकले. तिथल्या प्लेनो या उपनगरातून लाइट रेलने विद्यापीठात जात असे. त्याआधी सात वर्षे शाळेत भूगोल शिकवला होता.

माझ्या शेजारी बसणाऱ्या अमेरिकन सहाध्यायाच्या पणजोबांचे असे एक हावोद होते. प्रबंधासाठी त्याने तेच निवडले. विमानातून काढलेला त्याचा फोटो भिंतीवर लावून तो म्हणे, “हे आमचं.” त्या दोन शब्दांचा मला विलक्षण हेवा वाटे. माझे आजोबा मेंढपाळ. दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणात उतरत, पावसाळ्याआधी देशावर परतत. वाटेत शेतकरी त्यांना बोलावून खतासाठी शेतात मेंढरे बसवून घेत. दोन-तीन मुक्काम झाले की मेंढरांभोवतीची जाळी गुंडाळायची, बिऱ्हाड घोड्यावर लादायचे. पुढच्या नांगरटीत आमच्या खुणा पुसल्या जात. भिंतीवर लावावे असे माझ्यापाशी काहीच नव्हते.

एक दिवस मला त्याच्या नकाशात चूक दिसली. मोठ्या चौकटीवर त्याने ‘घर’ लिहिले होते आणि तिला चिकटलेल्या लहान चौकटीवर ‘गोठा’. फोटोत मात्र मोठ्या चौकटीच्या आतले गवत गडद हिरवे होते. वर्षानुवर्षे जनावरे बसल्याशिवाय गवताला तो रंग येत नाही, असे आजोबा सांगत.

“अगं, सांगून टाक ना,” नवरा ड्राइव्ह करता करता म्हणाला. “शुक्रवारी प्रेझेंटेशन आहे त्याचं.”

“त्याच्या पणजोबांचं घर आहे. त्याला कळायला नको?”

“जळतेयस तू.”

“मी विचार करतेय.”

“बरं बाई. शुक्रवारपर्यंत होईल ना करून?”

गुरुवारी मी सांगितले. त्यात चांगुलपणा नव्हता. चुकीची आकृती फळ्यावर राहू देण्याची मला सवय नव्हती, इतकेच.

त्याने फोटोतल्या लहान चौकटीवर बोट ठेवले. “म्हणजे एवढ्याशा खोलीत सगळे झोपायचे?”

“माणसांना कितीशी जागा लागते? जागा जनावरांना लागते.”

तो खदखदून हसला. आपले घर निम्म्याहून लहान झाल्याचा त्याला आनंदच झाला होता, आणि त्या आनंदाचाही मला हेवा वाटला. दोन्ही शब्द खोडता खोडता त्याने विचारले, “पण तुला कसं कळलं?”

“कुठल्याशा पुस्तकात वाचलं होतं.”

शुक्रवारी त्याने ते जसेच्या तसे सांगितले. परीक्षकांनी पुस्तकाचे नाव विचारले. तो वळून माझ्याकडे पाहू लागला.

“आठवत नाही,” मी म्हणाले.

त्याच्या हावोदखालच्या एका तळटीपेत माझ्या आजोबांना बसवणे मला सोसणारे नव्हते. त्यामुळे ते कुठेच आले नाहीत.