एकनाथरावांनी न बघितलेली तोंडं

एकनाथरावांना हैदराबादेत जामबागेच्या त्यांच्या गल्लीत सगळे डॉक्टरसाब म्हणायचे. आणि ते दरवेळी न कंटाळता सांगायचे, की बाबांनो, मी डॉक्टर नाही, मी कवळ्या करतो. एका जिन्याखाली त्यांची छोटी डेंटल लॅब. डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडाचा ठसा पाठवायचे, सोबत चिठ्ठी: ‘पुरुष, वय ६८, वरची पूर्ण कवळी, रंग जरा पिवळट.’ एकनाथराव त्या ठशात प्लास्टर ओतून साचा काढायचे, मेणात एकेक दात बसवायचे, आणि तयार कवळी डबीत घालून परत पाठवायचे. एकतीस वर्षं हेच. त्यांनी केलेल्या दातांनी किती लोक लग्नांच्या पंगती जेवले असतील, देव जाणे! पण त्यातलं एकही तोंड त्यांनी कधी बघितलं नव्हतं. पेशंट डॉक्टरकडे, साचा यांच्याकडे.

अशा माणसाची एकुलती एक पोरगी डॉक्टरकीच्या ‘नीट’ परीक्षेत चांगली रँक काढते म्हटल्यावर काय विचारता! नल्लकुंट्यात त्यांच्या बिल्डिंगमध्ये घरोघरी पेढे गेले, वॉचमनला तर दोनदा. पोरीचं नाव भाग्यलक्ष्मी, पण सगळे भाग्याच म्हणतात. त्या दिवशीच एकनाथरावांनी जाहीर करून टाकलं, की भाग्या एमबीबीएस करणार, डेंटलचं नाव या घरात काढायचं नाही.

“माझी जिंदगी दातांत गेली, तिची नाही जाऊ द्यायची,” ते म्हणाले.

“पोरीला विचारलंत का?” मंगलाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं विचारलं.

“त्यात काय विचारायचं?”

झालं, विषय संपला. निदान त्यांना तसं वाटलं.

पुढची पायरी काउन्सेलिंगची. हवी ती कॉलेजं ऑनलाइन यादीत एकाखाली एक भरायची, एमबीबीएस आणि डेंटल एकाच यादीत. शेवटच्या दिवशी पाचच्या आत यादी लॉक करायची, मग ब्रह्मदेव आला तरी बदल नाही. आणि लॉक करायला लागणारा ओटीपी येणार बाबांच्या मोबाइलवर. त्या शेवटच्या दिवशी सकाळी भाग्या अंघोळीला गेली, लॅपटॉप उघडा होता, आणि एकनाथरावांनी काय करावं? तिनं केलेली यादी पुसून स्वतःची भरली! मग लॉक करायचं तसंच ठेवून, मोठं काम केल्याच्या थाटात शीळ घालत लॅबला निघून गेले.

दुपारी अडीचला भाग्यानं यादी उघडली आणि किंचाळलीच. पहिल्या नंबरला कुठल्या तरी आडगावचं कॉलेज, दोन गाड्या बदलून जायचं. डेंटलचा पत्ताच नाही. तिनं बाबांना सहा फोन केले, पण दात घासायचा ग्राइंडर चालू असला की त्यांना फोन ऐकू येतो होय? तिनं स्कूटी काढली. मंगलाबाई हेल्मेट घेऊन फाटकापर्यंत धावल्या. कोटी बाजाराच्या त्या ट्रॅफिकमधून कशी गेली तिचं तिला ठाऊक, पण साडेचारला ती जिन्याखाली हजर.

“बाबा, हे काय करून ठेवलंत?”

एकनाथराव मेणात सुळा बसवत होते. “काय झालं? जिथं नक्की मिळायलंय ते वर टाकलं. मोठ्या कॉलेजांच्या नादी लागलं की हातचं पण जातं, बेटा.”

हीच त्यांची चूक. एकतीस वर्षं दवाखान्यांच्या मागच्या दारानं ये-जा केलेला माणूस तो, मिळेल तेवढंच मागायची सवय लागलेली. भाग्यानं स्टूल ओढलं आणि समोर बसली.

“यादी वरून वाचतात, बाबा. पहिलं नाही मिळालं तर दुसरं, नाही तर तिसरं. वरचं मागितलं म्हणून खालचं कुणी काढून घेत नाही.”

“कुणीच नाही?”

“कुणीच नाही!”

“म्हणजे मनातलं मागितलं तरी नुकसान नाही?”

“अहो, मनातलंच मागायचं असतं!”

एकनाथरावांनी हातातली सुरी खाली ठेवली. त्यांना एकदम हुरूप आला. “मग टाक की! घाबरतेस कशाला? तुझ्या मनातलं टाक एक नंबरला!”

भाग्यानं घरून निघताना पुन्हा भरलेली यादी मोबाइलवर काढली आणि त्यांच्यासमोर धरली. एक नंबर: हैदराबादचं सरकारी डेंटल. एमबीबीएसची कॉलेजं त्याच्याखाली.

“दातच?” एकनाथरावांचा आवाज चढला. “येडी झालीस का गं? एमबीबीएस मिळायलंय आणि तू दात मागायलीस? लोक काय म्हणतील, बापानं पोरीला स्वतःच्या धंद्याला लावलं!”

“लोकांना काय म्हणायचं ते म्हणू देत.” भाग्यानं फळीवरच्या साच्यांकडे बघितलं. “शाळा सुटल्यावर मी इथं बसायची, आठवतं? एकेक साचा दाखवून विचारायची, बाबा, हे आजोबा आता कसे हसतात? आणि तुम्ही म्हणायचात, मला काय माहीत, मी कुठं बघितलंय? मला ते बघायचंय, बाबा. माझ्या हातानं कवळी बसवून, समोर उभं राहून बघायचंय. दहावीपासून ठरवलंय मी.”

एकनाथरावांचे डोळे भरून आले, आणि आनंदही असा झाला की लपवता येईना. त्यांनी नाक ओढलं.

“मागून रडणार नाहीस ना?”

“रडले तर इथंच येऊन रडेन.”

“हौ, मग लाव लॉक!”

पण जिन्याखाली नेटवर्क धड कुठलं, ओटीपी येईचना! पाचला वीस मिनिटं कमी. बापलेक रस्त्यावर पळाले. एकनाथराव मोबाइल उंच धरून पानटपरीपर्यंत गेले, तिथं ओटीपी आला. भाग्यानं तो भरला आणि लॉकचं बटण त्यांच्यापुढं धरलं. अंगठ्याला मेण, स्क्रीन दाद देईना. त्यांनी अंगठा शर्टाला खसाखसा पुसला आणि स्वतः बटण दाबलं. ‘लॉक झाले’ असं दिसल्यावर ते असे ओरडले की टपरीवाल्याच्या हातातलं पान पडलं.

चौथ्या दिवशी निकाल लागला. एक नंबरचंच मिळालं! तिघंही ॲडमिशनला गेले. भाग्या आणि मंगलाबाई कागदपत्रांच्या रांगेत, एकनाथराव बाहेर बाकावर. पलीकडच्या, कॉलेजच्याच दवाखान्याच्या दारातून एक म्हातारे गृहस्थ नवी कवळी घालून बाहेर आले. एकनाथराव टक लावून त्यांच्या तोंडाकडे बघायला लागले.

“क्या देख रे मियाँ?” म्हाताऱ्यानं विचारलं.

“ज़रा हँसो ना, चचा,” एकनाथराव हात जोडून म्हणाले.

चचांना काय वाटलं कोण जाणे, ते तोंड भरून हसले. एकनाथराव उठून उभेच राहिले, आणि रांगेतली माणसं वळून बघायला लागली तरी त्यांना भान नव्हतं.

“भाग्या! अगं भाग्या, पळत ये! तू विचारायचीस ना? हे बघ, असे हसतात!”