एदुविनाबाईच्या माळ्यावर

एदुविनाबाईनं माळ्यावर बाप्या ठेवलाय, अशी कुजबुज डोंगरातल्या आमच्या मुकुबास गावात बरेच दिवस चालली होती.

"रोज संध्याकाळी शिडी चढते, वर हळू आवाजात बोलते," ओब्दुलिया पाव विकता विकता सांगायची. "आणि हातात डोंगरावरच्या फ्रायलेहोनच्या झुडपाची ताजी पानं! त्याला गादी करून देत असेल."

"त्या लोकरी पानांवर झोपतो म्हणजे म्हाताराच असणार," मी म्हणालो. "तरुणाला एवढी थंडी वाजत नाही."

"तुम्हाला बरं ठाऊक, काका? तुम्हीच नाही ना तो?"

मी नाही म्हणालो, पण जरा उशिरानं.

एदुविनाबाई माझी शेजारीण. दोन गाई, उतारावरचं बटाट्याचं वावर आणि योलेइदा ही एकुलती मुलगी. योले परदेशी, चिलीला गेली, तिथं म्हाताऱ्यांची सेवा करते. तेव्हापासून दर डिसेंबरात बाई घराला चुना लावते, कारण योले येणार. योले येत नाही. चुन्याच्या थरांनी भिंती फुगल्यात, असं मी चिडवायचो.

"फुगू देत," ती म्हणायची. "पोरगी आली की ऊब राहील."

मग मेरिदा शहराच्या विद्यापीठातून दायाना नावाची मुलगी डोंगरावरची पानं गोळा करायला आली. एदुविनाबाईनं तिला पिस्का, म्हणजे अंडं सोडलेलं दुधाबटाट्याचं गरम सूप वाढलं, आणि मीही वाटी घेऊन बसलो. दायाना सांगत होती, जंतू वाढवलेल्या बशीत फ्रायलेहोनच्या अर्काचा थेंब टाकला की थेंबाभोवती जंतू वाढत नाहीत. लोणी-तूप खवट होणंही तो लांबवतो.

"म्हणून तर तुमच्या आज्या लोणी या पानांत बांधायच्या."

एदुविनाबाईनं पळी खाली ठेवली. "लांबवतो म्हणजे किती?"

"इथल्या थंडीत, महिना-दोन महिने."

"आणि पानं बदलत राहिलं तर? सारखी ताजी?"

दायाना हसली. "वर्षानुवर्षं लोणी कोण ठेवतं, बाई?"

"पण एखादं राहत असेल की. तुम्ही कुठं सगळं तपासलंय अजून?"

"सगळं नाही," दायाना म्हणाली. बाईला तेवढं पुरलं. तिनं पोरीला आणखी एक अंडं वाढलं.

त्याच रविवारी योलेचा फोन आला. याही डिसेंबरात सुट्टी नव्हती.

"बरं, बाळा," एदुविनाबाई म्हणाली. "तुझं आहे तसं ठेवलंय." फोन ठेवून तिनं पानं उचलली आणि ती शिडीकडे गेली. पहिल्याच पायरीवर गुडघ्यानं दगा दिला.

"भाऊ, तुम्ही चढा. जुनी पानं काढा, ताजी गुंडाळा."

"पाहुण्याला काही निरोप?" मी डोळा मिचकावला.

"सांगा," ती म्हणाली, "ती पुढच्या वर्षी येतेय."

मी वर गेलो.

माळ्यावर बाप्या नव्हता. चिलीला निघायच्या सकाळी योलेनं घुसळून केलेला लोण्याचा गोळा होता, तिच्या बोटांच्या ठशांसकट. तो कधीच खवट झाला होता.