पेटीच्या दारामागच्या रेघा

कारखान्यातल्या दुसऱ्या पाळीच्या देखभालप्रमुखांना सगळे ताई म्हणत. ताईंच्या नाकावर माशी बसत नाही आणि त्यांच्या पाळीत यंत्र बंद पडत नाही, अशी त्यांची ख्याती. चव्वेचाळिसाव्या वर्षी त्यांनी तंत्रज्ञान व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला नाव घातलं, तेव्हा त्यांच्या हाताखालचे फिटर काका म्हणाले, "चला, आता पुस्तक दाखवलं की नट आपोआप ढिला होणार!" काका निवृत्तीला आले होते, टोमणे मात्र ताजे होते.

दोन वर्षं ताईंचे रविवार कॉलेजात गेले. नवऱ्याने करपवलेली भाजी त्यांनी "छान झालीय" म्हणत खाल्ली. शेवटी उरला प्रबंध. यंत्रं किती वेळ बंद राहतात आणि का, हा विषय. बिघाडाच्या नोंदवहीतून आकडे काढून त्यांनी तक्ते केले. मार्गदर्शक मॅडमनी ते पाहिले आणि चष्मा काढला.

"सहा नंबरचं यंत्र तुमच्या पाळीत वर्षभरात फक्त चारदा बंद पडलं? बाकीच्या दोन्ही पाळ्यांत प्रत्येकी शंभराच्या वर? मला नाही पटत. तीन आठवडे आहेत. खरे आकडे आणा, नाहीतर प्रबंध पुढे जाणार नाही."

ताईंच्या पायाखालची जमीन सरकली. कारण त्यांना ठाऊकच होतं. पट्टा घसरला, सेन्सरवर धूळ बसली, की त्या स्वतः धावायच्या आणि दहा मिनिटांत यंत्र चालू करायच्या. चालू झालेल्या यंत्राची नोंद कशाला? नोंद म्हणजे कमीपणा! जगाला शिस्त शिकवणाऱ्या बाईंच्या दिव्याखालीच अंधार. आता ते बिघाड आणायचे कुठून?

त्यांनी काकांना सगळं सांगितलं. एरवी काकांनी टोमणा मारला असता. आज ते सरळ सहा नंबरकडे गेले आणि विजेच्या पेटीचं दार उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या, प्रत्येकीपुढे तारीख आणि मिनिटं.

"हे कधीपासून, काका?"

"यंत्र आलं तेव्हापासून. तुम्ही वहीत लिहायच्या नाहीत. त्याचं दुखणं कुणीतरी लिहून ठेवायला नको?" मग काकांनी आवाज खाली केला. "पण ताई, या रेघा बाकीच्या कुठल्याही पाळीपेक्षा जास्त भरतील. झाकली मूठ सव्वा लाखाची. हे घ्या फडकं."

ताईंनी फडकं घेतलं. रेघांवर चढलेलं तेल हलक्या हाताने टिपलं आणि त्या मोजायला बसल्या. वर्षभराच्या एकशे बेचाळीस निघाल्या.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी वहीतले चार आणि दारावरचे एकशे बेचाळीस बिघाड शेजारी मांडलेल्या तक्त्यावर बोट ठेवलं. "नोंदी लपवणारा हा पाळीप्रमुख कोण?"

"मीच, सर."

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "असं असेल तर उपायही तुम्हीच सांगा." पुढचा अर्धा तास ताई बोलत होत्या. त्या पास झाल्या.

बांधलेला प्रबंध घेऊन त्या थेट सहा नंबरपाशी आल्या. काकांनी चष्मा सापडत नसल्याचं सांगितलं, म्हणून पहिलं पान त्यांनीच वाचून दाखवलं. "मी जे लपवलं, ते ज्यांनी वर्षानुवर्षं लिहून ठेवलं आणि मला कधी बोलून दाखवलं नाही, त्या काकांची मी जन्माची ऋणी आहे."

 काकांनी कानावरची पेन्सिल काढून ताईंपुढे धरली.

"आत्ताच पट्टा घसरला होता. नऊ मिनिटं. मला काही नीट दिसत नाहीये. रेघ तुम्ही मारा."

ताईंनी पेन्सिल घेतली, पण पेटीचं दार उघडलं नाही. नोंदवही मागवली, दुसऱ्या पाळीचा रकाना काढला आणि लिहिलं: सहा नंबर, नऊ मिनिटं.